गच्चीवरून दिसणारा परदेश

माझ्या धाकट्या भावाला घरी आणि धक्क्यावर सगळे घोरपड म्हणतात. त्याचं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर आणि जहाजाच्या कागदांवर आहे, आणि त्या दोन्ही ठिकाणी त्याचं काही भलं झालेलं नाही. घोरपड हे नाव आमच्या बाबांनी ठेवलं. ती हकीकत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच निघालंय.

बाबांची लाँच होती. तीच आता माझी आहे. बंदराबाहेर नांगर टाकून थांबलेल्या जहाजांना पिण्याचं पाणी, कांदे-बटाटे, औषधं, कधी एखादा डॉक्टर किंवा एजंट नेऊन पोहोचवायचा, हा आमचा धंदा. बाबा तोंडाचे फाटके, पण कामाचे पक्के होते. त्यांचा एक नियम होता. लाँचचा दोर नुसता फेकून मोकळं व्हायचं नाही. समोरच्याच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, "घेतला?" तो "घेतला" म्हणाला की मगच आपली मूठ उघडायची. तो शब्द येईपर्यंत दोर आपला. बाकीचे लाँचवाले बाबांना हसायचे, पण नियम तेही पाळायचे, कारण न पाळणाऱ्या एकाची दोन बोटं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती.

धाकटा शाळेत जायला लागला असेल-नसेल, तेव्हाची गोष्ट. बाबांनी एका दुपारी लाँच धक्क्याला लावली, दोर त्याच्या हातात दिला आणि "आलोच" म्हणून इंजिनाचा पट्टा आणायला गेले. दुकानात कोणीतरी भेटलं, गप्पांना ऊत आला, आणि बाबा तिथून थेट घरी. हातपाय धुऊन पानावर बसले तेव्हा आई म्हणाली, "धाकटा कुठंय?" बाबा ताटावरून उठून पळत सुटले. मी त्यांच्यामागे. पोरगं तिथंच होतं. ओहोटी लागून लाँच खाली गेली होती, दोर ताणला होता, आणि हा खांबाला दोन्ही पाय लावून दोर धरून बसलेला. शेजारीच लोखंडी खुंटा होता. त्याला दोन वेढे दिले असते तरी काम भागलं असतं.

"अरे गाढवा, बांधायचा की!" बाबा ओरडले.

"तुम्ही धर म्हणालात. बांध कुठं म्हणालात?" तो हुंदके देत म्हणाला.

त्याचे तळहात सोलून निघाले होते. बाबांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि घर येईपर्यंत तेच रडले. मग आईला म्हणाले, "हे पोर नाही, घोरपड आहे. चिकटलं की सुटायचं नाव नाही."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मोठा झाल्यावर तो इंजिनांना चिकटला. बंद पडलेलं यंत्र समोर आलं की ते सुरू होईपर्यंत जेवणखाण बंद. माझ्या लाँचचं इंजिन त्यानंच दोनदा उघडून परत बसवलं, आणि दुसऱ्या वेळी एक स्क्रू उरला म्हणून सगळं पुन्हा उघडलं. मी म्हटलं, "अरे, चालतंय ना?" तर म्हणाला, "दादा, तो उरला म्हणजे कुठंतरी नाहीये." पुढे तो मालवाहू जहाजांवर इंजिनखात्यात लागला. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, गल्लीतले सगळे पंखे, मिक्सर, नळ दुरुस्त करायचा आणि परत जायचा. लग्नाचं विचारलं की माझी बायको म्हणायची, "भाऊजींना मुलगी नको, पंप दाखवा. लगेच हो म्हणतील."

आईचा जीव त्याच्यावर. मी रोज घरात, माझ्या हातचं पाणी, माझ्या हातच्या गोळ्या, त्यामुळे माझी किंमत घरातल्या कपाटाएवढी. "असून अडचण, नसून खोळंबा," असं ती मला हसत हसत म्हणायची. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. निदान तेव्हा तरी नाही.

आमच्या बंदराच्या पुढे समुद्र अरुंद होत जातो. दोन्ही बाजूंना दोन देश आणि मध्ये चिंचोळी वाट. जगाचं तेल, गहू, मोटारी, पोरांची खेळणी, सगळं त्या बोळातून जातं. मागच्या वर्षी त्या दोन देशांचं बिनसलं. एक म्हणाला, इथून जायचं तर आमची परवानगी घ्या. दुसरा म्हणाला, त्यांची परवानगी घेईल तो आमचा शत्रू. विमा कंपन्यांनी हात वर केले. विम्याशिवाय कुठलं जहाज पुढे जाणार? एकामागून एक जहाजं आमच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभी राहिली. सुरुवातीला आम्हा लाँचवाल्यांची चंगळ झाली, खोटं कशाला बोलू. सकाळपासून पाण्याच्या फेऱ्या. रात्री गच्चीवरून पाहिलं तर समुद्रावर एक नवीन गाव वसल्यासारखं दिसायचं.

त्या गावात एक दिवस घोरपडीचं जहाज आलं.

आम्ही आईला खुर्चीसकट गच्चीवर नेलं. तिला मोतीबिंदूमुळे लांबचं दिसत नाही, पण मी बोट दाखवलं त्या दिशेला ती तासभर बघत बसली. जहाजाचं नाव भारदस्त, बाकी नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. गंजून लाल झालेलं, नाव तिसऱ्यांदा रंगवलेलं, खालची दोन जुनी नावं उन्हात अजून वाचता येणारी. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा तो कठड्यावरून हात हलवत होता. "दादा, आठवडाभरात बदली माणूस येतोय! आईला सांग, आल्यावर गच्चीचा पाइप बदलतो!"

बदली माणूस आला नाही. मालकानं हिशेब केला असणार की या लोखंडापेक्षा थांबण्याचा खर्च जास्त, आणि त्यानं फोन उचलणं बंद केलं. मालक एका देशात, त्याची कंपनी दुसऱ्या देशात, जहाजावर झेंडा तिसऱ्याच देशाचा. समुद्राचा कायदा असा की जहाज ज्याचा झेंडा लावतं त्या देशाची ती जमीन. या तिसऱ्या देशाला समुद्रच नाही. तिथल्या कचेरीत फोन केला तर कोणीतरी बाई गोड आवाजात सांगायची की आपला अर्ज पोहोचला आहे. बंदराची देणी थकली म्हणून कोर्टानं जहाज अडकवून ठेवलं. आता ते पुढेही जाईना आणि आतही येईना. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

जहाजावरच्या परक्या खलाशांसाठी त्यांच्या वकिलाती भांडल्या. एकेकाला माझ्याच लाँचमधून उतरवलं आणि विमानात बसवलं. आमचा घोरपड इथलाच. त्याच्यासाठी कोणती वकिलात भांडणार? शेवटी कप्तान आणि तो, दोघेच उरले. कप्तान म्हातारा होता, त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं. ज्या दिवशी तो उतरला त्या दिवशी मी खाली लाँच लावून उभा होतो. वर कठड्याशी कप्तानानं जहाजाच्या चाव्यांचा जुडगा पुढे केला आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलला. तो बहुधा "धर जरा" एवढंच म्हणत असावा, कारण त्याला शिडी उतरायला दोन्ही हात मोकळे हवे होते.

आमच्या शहाण्यानं चाव्या घेतल्या आणि जन्माच्या सवयीनं म्हणाला, "घेतल्या."

दुसऱ्याच दिवशी कोर्टाचा माणूस कागद घेऊन आला. जहाजाचा जबाबदार माणूस कोण? चाव्या ज्याच्या हातात तो. घोरपडीनं सही केली. जहाज विकलं जाईपर्यंत किंवा दुसरा कोणी जबाबदारी घेईपर्यंत त्यानं जहाज सोडायचं नाही. मी बातमी घरी आणली तेव्हा बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! नाही म्हणायला काय झालं होतं त्यांना?"

मी त्याला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, कोणी तरी धरायला हवंच ना. नांगराची साखळी जुनी आहे. वारा फिरला की थोडी सोडावी लागते. कोणी नसेल तर हे धूड दुसऱ्यावर जाऊन आदळेल. शेजारी तेलाचं जहाज आहे." त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. तेच जास्त चीड आणणारं होतं.

त्याच सुमारास आईनं अंथरूण धरलं. छातीत पाणी होत होतं. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." बोलवायचं होतं ते माणूस गच्चीवरून दिसत होतं. फोनवर ती त्याच्याशी बोलायची, पण फोन ठेवला की म्हणायची, "त्या डबीत कोणीही बोलेल. मला तो हाताला लागायला हवा." एकच गोष्ट मागत होती ती. धाकट्याच्या तोंडावरून हात फिरवायचा होता.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी बंदराच्या कचेरीत जाऊन बसलो. तिथला अधिकारी वाईट माणूस नव्हता. डोळ्यांखाली काळं आलेलं, टेबलावर गार झालेल्या चहाचे तीन कप, भिंतीवर जहाजांचे ठिपके असलेला नकाशा. ठिपक्यांना आता जागा उरली नव्हती.

"तुमचा भाऊ कायद्यानं परदेशात आहे," तो म्हणाला.

"साहेब, माझ्या गच्चीवरून त्याचा वाळत घातलेला शर्ट दिसतो."

"दिसत असेल. तरी परदेशात आहे."

"दोन तासांसाठी सोडा. आईला भेटून परत नेऊन सोडतो. माझीच लाँच आहे."

त्यानं उठून नकाशावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "दोन तासांत वारा फिरला आणि हे सुटलं, तर इथली वाट बंद. मग जे दोन देश भांडतायत ते दोघं मिळून आमच्यावर ओरडतील. मला समजतं हो तुमचं. दुसरा माणूस द्या. इंजिनाचा परवाना असलेला, लेखी जबाबदारी घेणारा. त्याची सही झाली की तुमचा भाऊ त्याच क्षणी मोकळा."

घरी येऊन मी आईच्या खाटेपाशी बसून बायकोला सगळं सांगितलं. तिरमिरीत होतो. "म्हणे दुसरा माणूस द्या! जसा काही बाजारात मिळतो. असा कोण खुळा बसलाय, परक्या गंजक्या जहाजावर आपलं नाव लावून बसणारा? परवाना काय, परवाना माझ्याकडेही आहे, म्हणून काय मी..." आईचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं तिला झोप लागलीय.

याच काळात आमच्या गावात समुद्राची मोठी परिषद भरली. देशोदेशीची माणसं गळ्यात पट्टे घालून आली. समुद्र कोणाचा, वाट कोणाची, भांडणात अडकलेल्या जहाजांचं काय करायचं, यावर बोलणार होती. त्यांना थांबलेली जहाजं दाखवायला दोन लाँच ठरवल्या, त्यातली एक माझी. मी इंजिन हळू करून त्यांना घोरपडीच्या जहाजाजवळून नेलं. मुद्दामच नेलं. त्यांनी फोटो काढले. तो वरून बादलीत समुद्राचं पाणी ओढून डेक धूत होता.

"तो वर आहे ना, तो माझा सख्खा भाऊ," मी म्हणालो. "आई तिकडे त्या घरात मरायला टेकलीय. तुम्ही एवढे सगळे आहात, कोणी तरी सांगा ना त्याला उतर म्हणून."

एका वयस्क बाईंनी दुभाष्याला विचारून सगळं समजून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले, ते नाटक नव्हतं. त्या म्हणाल्या, "अशा माणसांसाठी नियम आहे. पण झेंड्याच्या देशानं पाऊल उचलावं लागतं."

"मग त्या देशाचा माणूस कुठंय? याच लाँचवर असेल ना?"

त्यांनी यादी बघितली, शेजाऱ्याला विचारलं, आणि हळूच म्हणाल्या, "त्यांनी कोणाला पाठवलं नाही. समुद्राची परिषद म्हणून."

असला बारभाई कारभार. मला हसू आलं आणि हसता हसता धक्क्याला लावताना मी लाँच खांबाला घासली.

त्या दिवशी घरी गेलो तर आई जागी होती. "मला नेशील का लाँचवर?" म्हणाली. "खालून बघेन त्याला."

"तुला दिसणार आहे का एवढ्या उंचावरचं?"

"नाही दिसलं तर नाही. तू ने."

डॉक्टर नको म्हणाले. मग आईकडे बघून म्हणाले, "न्या." सकाळी पाणी शांत असताना आम्ही तिला गादीसकट लाँचवर घेतलं. बायको तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी जहाजाच्या पोटाशी लाँच लावली. वर तिमजली घराएवढी लोखंडी भिंत, आणि अगदी वर कठड्यावर त्याचं एवढंसं डोकं. शिडी उतरून लाँचवर पाय ठेवला तरी कागदावर त्यानं जहाज सोडलं असं झालं असतं, आणि सही मोडणारा तो नव्हे.

"आई!" तो ओरडला. "आई गं!"

आई मान वर करून शोधत होती. "कुठं? कुठं आहे?" मी तिची हनुवटी धरून दिशा दाखवली. तिला उजेड तेवढा दिसला. तिनं हात वर केला आणि तो तसाच हवेत धरून ठेवला. वर तो रडत होता, खाली बायको रडत होती, आणि मी इंजिन पुढे-मागे करत लाँच भिंतीपासून दूर ठेवत होतो, कारण ते कोणाला तरी करायला हवं होतं.

मग आई म्हणाली, "त्याला म्हणावं, दोर टाक."

सामान ओढून घ्यायचा त्याचा दोर होता. त्यानं तो सोडला. टोक माझ्या हातात आलं, मी ते आईच्या हातात दिलं. वरचं टोक त्याच्या मुठीत, खालचं आईच्या. तिनं दोर ओढून पाहिला. वरून त्यानं ओढला. दोघं काही वेळ तेवढंच करत राहिले. आईच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांत न पाहिलेलं हसू होतं.

आणि एकाएकी सगळा जीव गोळा करून ती ओरडली, "घेतला!"

आवाज तो कसला, पण त्या भिंतीखाली घुमला. घोरपडीची मूठ आपोआप उघडली. सगळा दोर वरून सळसळत आमच्या अंगावर, गादीवर, पाण्यात येऊन पडला. तो रिकाम्या हातांनी कठड्यावरून बघत राहिला.

आई माझ्याकडे वळली. ओला दोर दोन्ही हातांनी पुढे केला. "घे," म्हणाली.

"आई, हे काय?"

"परवाना आहे ना तुझ्याकडे?"

मग मला कळलं की मी कचेरीतून चिडून आलो त्या दिवशी ती झोपली नव्हती. बायकोनं तोंडावर हात ठेवला. आई म्हणाली, "मला त्याला हात लावायचाय रे. तुला तर रोज लावते."

मला तिचा राग आला. एवढी वर्षं तिची औषधं, तिचं उठणं-बसणं, तिची रात्रीची खोकल्याची उबळ, सगळं माझ्याच उशाला. आणि हिशेब असा. पण ते थरथरणारे हात दोर धरून माझ्यासमोर होते आणि ते खाली पडतील असं वाटत होतं. मी दोर घेतला.

"घेतला म्हण," ती म्हणाली.

"घेतला."

कचेरीत फोन केला. अधिकारी कोर्टाच्या माणसाला घेऊन तासाभरात आला. कोणता भाऊ वर आणि कोणता खाली याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, एक नाव हवं होतं. मी शिडीनं वर चढलो. घोरपड मला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून त्यानं मला जनित्र कसं चालू करायचं, डिझेल पुरवायचं तर ते किती वेळ चालवायचं, साखळी कधी सोडायची, हे सगळं दोनदा सांगितलं. चाव्यांचा जुडगा हातात देऊन म्हणाला, "घेतल्या?" मी म्हणालो, "घेतल्या." "दादा, मी सोडवतो तुला. कोर्टात जाऊन बसतो. उठणारच नाही." मला माहीत होतं की तो खरंच उठणार नाही.

मी कठड्यावरून बघत होतो. तो गादीपाशी गुडघे टेकून बसला. आईचे दोन्ही हात त्याच्या तोंडावर फिरत होते, कपाळ, नाक, कान, दाढीचे खुंट. मग त्यानं इंजिन हातात घेतलं आणि लाँच गावाकडे निघाली. आईनं वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी मी दिसलो नसतो म्हणा.

आता मी परदेशात. पहिल्या रात्री मी स्वतःशीच तसं मोठ्यानं म्हणून हसलो आणि आवाज लोखंडात इतका मोठा झाला की पुन्हा बोललो नाही. जनित्र बंद केलं की जहाज मेल्यासारखं पडतं. गंजाचे पापुद्रे पायाखाली चुरतात. दिवसा दुर्बीण गळ्यात घालून मी आमची गच्ची बघायचो. बायको कपडे वाळत घालताना दिसायची. चार्जिंग पुरवायला फोन बराच वेळ बंद ठेवावा लागे, म्हणून तिनं खूण ठरवली होती. आईचं काही झालं तर गच्चीवर लाल चादर. मी रोज उठल्यावर आधी गच्ची बघायचो आणि मग तोंड धुवायचो.

परिषद संपली. समुद्र सगळ्यांचा आहे असा ठराव झाला, असं रेडिओवर ऐकलं. घोरपड कोर्टाच्या बाकावर बसून राहायचा, पण कोर्टही झेंड्याच्या देशाच्या उत्तराची वाट बघत होतं.

आई आधी थोडी सुधारली. धाकट्याच्या हातनं मऊ भात खाल्ला, त्याच्याकडून गच्चीचा पाइप बदलून घेतला. मग पुन्हा खालावली. एका दुपारी बायकोचा फोन आला. तिला बोलवेना.

"काय झालं? सांग की."

"काही नाही. आहेत. पण कालपासून एकच धोशा लावलाय. थोरला कुठंय. थोरल्याला बोलवा. भाऊजी समोर बसलेत, हात हातात घेऊन. त्यांनाच विचारतात, दादा आला का रे?"

मी फोन ठेवला आणि लोखंडी पायऱ्यांवर बसून मोठमोठ्यानं रडलो. दूर असतो तो तिचा लाडका, हे मला जन्मभर माहीत होतं. माझी पाळी अशी येईल असं वाटलं नव्हतं. मला तिथून उडी मारून पोहत जावंसं वाटलं. शेजारी तेलाचं जहाज उभं होतं आणि वारा फिरत होता. मी उठून साखळी सोडायला गेलो.

दुसऱ्या दिवशी ऊन चढता चढता लाँच आली. घोरपड एकटाच होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. लाँच भिंतीला लावून तो ओरडला, "दादा, दोर टाक! लाँच बांधून मी वर येतो, तू खाली उतर!"

"सही? साहेब?"

"साहेब मागून येतोय, त्याला सांगून आलोय! आई म्हणाली, दादाला आण. मी आणतो म्हणालो तिला. आत्ता बरी आहे, बोलतेय. चल लवकर!"

मी दोर आणायला धावलो. गाठ सुटेना, दातांनी सोडवली. कठड्यावर येऊन वरचं टोक बांधलं आणि दोर खाली सोडला. खाली लाँचमध्ये तो दोन्ही हात वर करून उभा होता, तोंड माझ्याकडे, पाठ गावाकडे. दोराचं टोक त्याच्या हातात पडलं. मी सवयीनं मान वर करून गच्चीकडे पाहिलं. मग दुर्बीण डोळ्यांना लावली. बायको गच्चीच्या कठड्यावर लाल चादर पसरत होती. वाऱ्यानं ती उडत होती आणि बायको ती पुन्हा पुन्हा नीट करत होती.

"घेतला!" तो खालून ओरडला. "दादा, घेतला! सोड!"

माझी मूठ उघडली नाही.

"दादा, घेतला म्हटलं ना! सोड की! आई वाट बघतेय!"

मी दुर्बीण खाली केली आणि दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, म्हणजे तो आणखी थोडा वेळ वर माझ्याकडेच बघत राहील.